जास्तीची खुर्ची

१

सुट्टीवर जाणारी माणसं दोन जातींची असतात. पहिली बघायला जातात. दुसरी जेवायला जातात, आणि वाटेत काही दिसलंच तर नाइलाजानं बघून घेतात. चिंगीचं घर दुसऱ्या जातीतलं. तिच्या वडिलांनी आयुष्यात जेवढे समुद्र पाहिले, ते सगळे कुठल्या ना कुठल्या उपाहारगृहाच्या खिडकीतून, हातात चमचा धरून.

परगावी कुठं जेवावं याचे बाबांचे ठोकताळे होते. दारावरची पाटी बघू नये, आधी हात धुवायची जागा बघावी. तिथला टॉवेल खोटं बोलत नाही. वेटरला ‘काय चांगलं मिळतं’ असं विचारू नये, ‘आज तुम्ही काय जेवलात’ असं विचारावं. आणि जागा पसंत पडली की मग फेरा.

फेरा ही या घराची खास चीज. माणसागणिक वेगळा पदार्थ मागवायचा. चार घास खायचे. मग बाबा टाळी वाजवायचे, आणि सगळ्यांनी आपापला चमचा नि ग्लास घेऊन उजवीकडच्या खुर्चीत सरकायचं. पुन्हा चार घास, पुन्हा टाळी. जो तो आपल्या मूळ खुर्चीत परत येईपर्यंत सगळ्यांनी सगळं चाखलेलं असायचं. “ताटं हलवायची नाहीत, माणसं हलवायची,” असं बाबा म्हणत. टाळीशिवाय उठायचं नाही आणि फेरा अर्धवट सोडायचा नाही. लग्न होऊन आल्यावर आईनं उष्ट्याचा मुद्दा काढून पाहिला होता. “घरच्या माणसांत कसलं आलंय उष्टं?” एवढ्यावर तो निकालात निघाला. आजूबाजूची माणसं टकमक बघायची आणि शाळकरी चिंगीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण चव मिळायची, हे खरं.

बाबांची आणखी एक खोड होती. बसण्याआधी ते माणसं मोजायचे, मग खुर्च्या. खुर्ची जास्त निघाली तर ती आधी उचलायला लावायची, मगच बूड टेकायचं. एका नावाजलेल्या ठिकाणी खुर्च्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या निघाल्या, तर बाबा सगळ्यांना घेऊन तसेच बाहेर पडले. दादानं भर रस्त्यात भोकाड पसरलं. शेवटी कोरडा पाव खाऊन दिवस काढला. “ह्यांचं आपलं काहीतरीच,” असं म्हणून आईनं कपाळाला हात लावला. चिंगीच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या दिवशी बाबांनी तिचा हात जो धरला, तो तिची बोटं लाल होईपर्यंत सोडला नव्हता. का, ते तिनं कधी विचारलं नाही. बाबांच्या खोडी थोड्या का होत्या!

२

बाबा गेले आणि आईचं जेवण गेलं. ताटावर बसायची, चार घास चिवडायची आणि ‘झालं माझं’ म्हणून उठायची. चिंगीनं लग्न केलेलं नव्हतं, आईजवळ तीच राहायची. तिनं सगळे उपाय करून पाहिले. रागावून पाहिलं, रडून पाहिलं, आईच्या आवडीचं रांधून पाहिलं. आई दिवसेंदिवस वाळत चालली होती. चिंगी एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करत असे, त्यामुळे आईच्या रक्ताचे आकडे तिला तोंडपाठ होते आणि ते आकडे चांगले नव्हते.

“आपण सुट्टीला जाऊ,” असं एके दिवशी दादा म्हणाला. “बाबा असताना जायचो तसं. फेऱ्याला बसली की खाईल बघ.”

दादा म्हणजे थट्टेखोर माणूस, पण हे तो थट्टेनं म्हणाला नव्हता. म्हणून मग आई, दादा, वहिनी आणि चिंगी अशी चौघं निघाली. गाडीत दादा फोनवरून वाचून दाखवत होता. या गावी येऊन न जेवता जाऊ नये अशी ठिकाणं, कुणाकुणा प्रवाशांनी लिहिलेली. एक जागा त्याला आवडली.

“हे ऐका. ‘खिडकीशी गोल टेबल आहे, तेच मागा. घाई नसते. ताटावरून कुणी उठवत नाही.’”

“आपणच उठतो आपापले,” असं वहिनी म्हणाली, आणि किती दिवसांनी आई हसली.

ते उपाहारगृह उतरत्या गल्लीच्या टोकाला होतं. भर दुपार होती. आत बुटकं छत, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, आणि बरीचशी भरलेली. तरी गलका म्हणून नव्हता. चमचे वाजत होते, माणसं हलक्या आवाजात बोलत होती. चिंगी रीतीप्रमाणे आधी हात धुवायची जागा बघून आली. टॉवेल स्वच्छ होता, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. एवढ्या भरलेल्या जागी एकानंही हात पुसले नसतील? आत्ताच बदलला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पास म्हणून मोकळी झाली.

खिडकीशी गोल टेबल होतं. त्याभोवती पाठ असलेल्या, हाताच्या, चांगल्या जड खुर्च्या होत्या. पाच.

“पाच जण ना?” असं वेटरनं विचारलं. उंच माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

“चार,” दादा म्हणाला. “ती एक खुर्ची तेवढी उचला.”

“असू दे,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आईनं त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

“असू दे रे ती. आपण पाचच तर असायचो.”

बाबांचा नियम चिंगीच्या ओठांवर आला होता. पण नियम सांगून आईचा हात त्या खुर्चीवरून काढायला लावण्याइतकी ती दगड नव्हती. चौघं बसली. आईच्या उजवीकडे दादा, त्याच्या उजवीकडे वहिनी, मग चिंगी. आणि चिंगी नि आई यांच्यामध्ये ती रिकामी खुर्ची. वेटरनं पाच ग्लास ठेवले आणि पाचही भरले.

३

दादानं पदार्थही पाच मागवले. “खुर्ची आहे तर ताटही असू दे. चव वाढली तर वाईट काय?” भाजलेला मासा आला, कोंबडीचा दाट रस्सा आला, लोण्यात परतलेल्या भाज्या आल्या, अंड्याचा एक फुगीर प्रकार आला. रिकाम्या खुर्चीपुढं बटाट्याचं भांडं आलं. उकडून, कुस्करून, वरून सपाट करून भट्टीत खरपूस केलेलं. त्याची वरची साय इतकी गुळगुळीत होती की मोडवत नव्हती.

आई माशाचे काटे काढायला लागली. चिंगी हळूच तिच्याकडे बघत होती. एक घास. दुसरा घास. आई चावत होती, गिळत होती. चिंगीनं मनातल्या मनात दादाला शंभर गुण दिले.

“झाले का सगळ्यांचे चार?” असं म्हणून दादानं टाळी वाजवली.

सगळे उठले. जड खुर्च्या फरशीवर करकरल्या, हशा झाला, ग्लास हिंदकळले. आई दादाच्या जागी, दादा वहिनीच्या, वहिनी चिंगीच्या. चिंगी त्या रिकाम्या खुर्चीत आली. सगळे स्थिरस्थावर झाले. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, एक खुर्ची उशिरा सरकली.

चिंगीनं उजवीकडे पाहिलं. तिथं आईची मघाची जागा होती, आता रिकामी. खुर्ची टेबलाला नीट लागलेली होती. आई तर उठताना खुर्ची मागं ढकलून उठली होती.

वेटरनं सारली असेल. पण वेटर पार पलीकडे, दाराशी उभा होता.

तिनं मान खाली घालून आपल्यापुढच्या भांड्यात चमचा घातला, आणि हात तिथंच थांबला. बटाट्याची साय मोडलेली होती. एका कडेला, ओळीनं, चमच्याचे चार खड्डे.

“दादा, ही असली थट्टा आईपुढं नको हं,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“कसली थट्टा?”

दादाला खोटं बोलता येत नाही. बोलला की त्याचे कान लाल होतात. कान लाल नव्हते. आणि चिंगी ज्या खुर्चीत बसली होती, ती खुर्ची उबदार होती.

४

प्रयोगशाळेत चिंगीनं एक गोष्ट अंगी बाणवली होती. एकदा दिसलं म्हणजे खरं नव्हे. नमुना दुसऱ्यांदा तपासायचा, मगच बोलायचं. भांडं आत भाजताना खचलं असेल. खुर्ची उन्हात होती, म्हणून ऊब. खिडकी तर शेजारीच आहे. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या ताटावर नजर ठेवायची ठरवली आणि दुसऱ्या टाळीची वाट बघायला लागली.

नजर ठेवूनही तिला काही दिसलं नाही. वहिनीनं मीठ मागितलं, तेवढ्यात तिकडं माशाचा तुकडा लहान झालेला. दादानं काही विचारलं, तेवढ्यात ग्लासातलं पाणी खाली गेलेलं. वेटर आला, त्यानं सगळ्यांचे ग्लास भरले, तोही भरला. त्यात त्याला काही नवल वाटलं नाही.

टाळी वाजली. खुर्च्या करकरल्या. आणि सगळे बसल्यावर, एक उशिरा.

या वेळी चिंगी आईच्या पहिल्या खुर्चीत आली होती. ती गरम होती. खिडकीपासून लांब असूनही गरम. तिचा एक नमुना झाला, दुसरा झाला. आता निष्कर्ष काढायला हवा होता, आणि तो काढायचा तिला धीर होईना. एवढं मात्र कळत होतं की जे कुणी आहे ते आपल्याबरोबर फेऱ्यात आहे. नियम पाळून आहे. आई पुढे, तिच्या मागे ती रिकामी जागा, आणि त्या जागेच्या मागे आपण. आई जिथून उठते, तिथं ते बसतं.

पाचवा चमचाही सरकला होता. पहिल्या जागेवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या.

हे आईनंही पाहिलं होतं. तिच्या गालांवर रंग चढला होता. ती भराभर जेवत होती; रस्सा पावाला लावून, बोटं चाटून, अगदी पूर्वीसारखी. मधल्या रिकाम्या खुर्चीवरून वाकून ती चिंगीच्या कानाशी आली.

“आलेत हे,” ती म्हणाली.

५

आईचे डोळे एखाद्या नव्या नवरीसारखे चमकत होते. ही बाई दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवत होती. तिच्या तोंडचा घास कसा काढायचा?

पण चिंगीनं चमचा पाहिला होता. तो ताटाच्या उजवीकडे ठेवलेला होता. बटाट्यातले ते चार खड्डेही उजवीकडून कोरलेले होते. बाबा पक्के डावखुरे. जेवताना कोपराला कोपर लागतं म्हणून घरी साऱ्या जन्मात ते टेबलाच्या डाव्या अंगाला बसले. त्यांचा चमचा कुणी उजवीकडे ठेवला तर आधी तो उचलून डावीकडे ठेवायचे, मग जेवायचे. हे आईला सांगायला हवं होतं का? आईनंच तर जन्मभर तो चमचा डावीकडे ठेवला होता.

“आई,” ती हळूच म्हणाली, “चमचा बघ. उजवीकडे आहे. ते बाबा नाहीत.”

आईनं चमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तिकडं गेल्यावर काय डावं नि काय उजवं!”

“आई, ऐक. आपण निघू या.”

“निघू या काय? मी ठरवलंय.” आईचा आवाज अगदी बारीक झाला. “दर टाळीला मी उठते आणि ते माझ्या मागून येतात. दोन वर्षं असंच चाललंय, चुकामूक. आता पुढच्या टाळीला मी उठणारच नाही. येऊ देत इथं. मी असेन.”

चिंगीनं दादाकडे पाहिलं. तो वहिनीला काहीतरी रंगवून सांगत होता.

“दादा, टाळी वाजवू नकोस.”

“का? बाबा काय म्हणायचे? फेरा अर्धवट...”

“वाजवू नकोस म्हणते ना!”

तिचा आवाज चढला तशी शेजारच्या टेबलांवरची माणसं गप्प झाली. सगळे चमचे थांबले. आई मात्र खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून, डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्यानं बसली होती. दादाला वाटलं चिंगी थट्टा करते आहे. लहानपणी फेरा टाळायला ती असंच करायची. त्यानं तिला डोळा मारला आणि दोन्ही हात वर उचलले.

विचार करायला वेळ नव्हता. ते आईच्या खुर्चीत जायचं असेल तर आधी आपल्या खुर्चीतून उठणार. आणि उठण्याआधीच आपण त्या खुर्चीत बसलो तर? असा काही तर्क तिनं केला असेल, नसेल. ती उठली आणि हातांनी चाचपडत त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

जागा कमी पडली. हाताच्या त्या ऐसपैस खुर्चीत तिला एका अंगावर, चेपून बसावं लागलं. तिच्या कानाशी कुणीतरी घास गिळला. मग टाळी वाजली, आणि खुर्ची एकदम मोकळी झाली.

६

आई उठली नाही. तिच्या अंगावर कुणी बसलं नाही. चिंगीनं खुर्चीचे हात सोडले आणि तिला रडू फुटणार असं वाटलं. झालं. टळलं.

“चिंगे, तू का बसून राहिलीस? ऊठ की, माझी पाळी तिथं,” असं वहिनी म्हणाली.

वहिनी चिंगीकडे बघून बोलत नव्हती. ती चिंगीच्या मघाच्या खुर्चीकडे बघत होती.

“आईसुद्धा उठली नाही,” त्या खुर्चीतून उत्तर आलं. “पुरे झाला हा फेरा. पोटं भरली सगळ्यांची.”

फोनवर स्वतःचाच आवाज ऐकला की कसा जरा परका वाटतो, तसा तो आवाज होता. चिंगीनं मान वळवली. पुरती वळवायचा धीर झाला नाही. तिला एक मनगट दिसलं. त्यावर तिचं घड्याळ होतं. अंगठ्याजवळ कधी काळी काच लागली होती, ती खूणही होती. त्या हातानं चमचा ताटात ठेवला, उजवीकडे, अगदी सावकाश, आवाज न करता.

“दादा,” चिंगी म्हणाली. मग ओरडली. मग आणखी ओरडली. दादा दात कोरत होता.

तिनं उठायचा प्रयत्न केला. कुणी धरलं नव्हतं, बांधलं नव्हतं. पण गुडघे तिचे ऐकेनात. टाळीशिवाय उठायचं नाही. ती टाळी वाजून गेली होती, आणि पुढची कुणी वाजवणार नव्हतं.

आईनं डोळे उघडले. आधी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं, मग डावीकडे. थेट चिंगीच्या चेहऱ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाही उठलात ना?” ती पुटपुटली. “हट्टी ते हट्टीच.” तिनं हात पुढे करून खुर्चीच्या हातावर ठेवला. तिथं चिंगीचा हात होता. आईची बोटं लाकडाला लागली आणि लाकडावरून फिरली.

सगळे निघाले. चिंगीचं घड्याळ घातलेली ती चौथी सगळ्यांच्या पुढे होती, चपळ पायांनी दाराकडे गेली आणि तिनं मागं वळून बघितलं नाही. आई तेवढी मागं रेंगाळली. तिनं त्या खुर्चीपुढच्या ताटावरचा चमचा उचलला आणि डावीकडे ठेवला.

“येते हं,” ती खुर्चीला म्हणाली. “पुढच्या वर्षी. जेवून घ्या.”

७

त्या टेबलाशी मग रोज माणसं येऊन बसायला लागली. सुट्टीवर आलेली, उन्हानं रापलेली, भुकेजलेली. कुणी त्या खुर्चीवर पिशव्या ठेवायचं, कुणी ओले कोट टाकायचं. वेटर ग्लास भरून जायचा. तो ओळखत असावा. एकदा चिंगीनं त्याला विचारलंही, पण तो ऐकून न ऐकल्यासारखा दुसऱ्या टेबलाकडे गेला. तिथंही एक ग्लास कुणी न बसलेल्या खुर्चीपुढं होता.

ती प्रत्येक घोळक्याची वाट बघायची आणि प्रत्येक घोळका बसल्या जागी जेवून उठून जायचा. जेवताना खुर्च्या बदलणारं घर जगात दुसरं असणार तरी कुठं? बाबांच्या या तऱ्हेची तिला एके काळी लाज वाटायची. आता ती कान टवकारून टाळीची वाट बघायची.

तहान नव्हती, भूक नव्हती. विचार करायला मात्र वेळच वेळ होता. आपली माणसं पुढच्या वर्षी येतील. येतील, आणि फेरा धरतील. मग टाळी वाजेल आणि आपण उठू शकू. इथवर आलं की तिला उजाडल्यासारखं वाटायचं. मग पुढचं आठवायचं. उठून जायचं कुठं? उजवीकडे. तिथं कोण असेल?

आईच असेल. आई दुसऱ्या कुणाला तिथं बसू द्यायची नाही. आणि ती उठणार नाही; मग आपण तिचं रूप घेऊन निघून जाऊ आणि ती इथं अडकून राहील.

तेव्हा चिंगीनं स्वतःशी ठरवून टाकलं की त्यांनी येऊच नये. आणि आलेच तर त्यांनी आधी ही खुर्ची उचलायला लावावी. ती उचलून कुठं अडगळीत नेऊन ठेवली तरी चालेल. बाबांना काय माहीत होतं, कसं माहीत होतं, ते बाबांबरोबर गेलं. पण कोरड्या पावाच्या त्या दिवशी त्यांनी हात का सोडला नव्हता, ते तिला कळलं, आणि ती खूप रडली.

८

दार उघडलं आणि वहिनीचं हसू आधी आत आलं. मग दादा, थोडा सुटलेला. मग आई.

आई छान दिसत होती. गाल भरले होते. कुणीतरी तिला वर्षभर वेळेवर, मायेनं जेवायला घातलं होतं. त्या कुणीतरीच्या हातात आईचा हात होता. चिंगीला आनंद झाला आणि त्या आनंदानंच तिचा जीव जळला.

“दादा, खुर्ची जास्त आहे,” ती चौथी दारातूनच म्हणाली. “बाबांचा नियम माहीत आहे ना? आधी ती उचलायला सांग. नाहीतर दुसरीकडे जाऊ. मी सांगते ना, दुसरीकडे जाऊ.”

हो, जा, असं चिंगी म्हणाली. या एका गोष्टीत दोघींचं एकमत होतं.

वेटर पुढे झाला. त्यानं खुर्चीच्या पाठीला हात घातला.

“असू दे ती,” आई म्हणाली. “आमचं माणूस बसतं तिथं.”

“आई, ऐक ना गं माझं...”

“वर्षभर तुझंच ऐकलंय. गेल्या खेपेला फेरा अर्धवट राहिला तुझ्या पायी. आज पुरा करायचा.” आणि आई त्या खुर्चीच्या उजवीकडे येऊन बसली. तिच्या पलीकडे दादा, मग वहिनी. चौथीला राहिली ती खुर्चीच्या डावीकडची जागा. ती अंग चोरून, खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि तिनं चिंगीकडे नजर वर उचलली नाही.

पाच पदार्थ आले. दादानं बाह्या सरसावल्या. आईनं पाचवा चमचा उचलून ताटाच्या डावीकडे ठेवला आणि खुर्चीकडे वाकली. तिच्या केसांना घरच्या तेलाचा वास होता.

“आज मी उठायची नाही हं,” ती कुजबुजली. “तुम्ही या.”

“आई, ऊठ,” चिंगी म्हणाली. “टाळी वाजली की सगळ्यांत आधी ऊठ. आई, मी आहे. मी चिंगी आहे.”

आई लाजून हसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

चिंगीनं खुर्चीचे हात गच्च धरले. टाळी वाजली तरी हलायचं नाही. गेल्या खेपेला बसून राहिलो, तसंच बसून राहायचं. एवढंच तर करायचं आहे. चार घास खायचेच नाहीत, म्हणजे फेऱ्यात धरलं जाणार नाही. तिनं ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं.

ताटातून वाफ निघत होती. बटाट्यावरची साय खरपूस, गुळगुळीत होती. आणि इतक्या दिवसांत जी एकदाही लागली नव्हती, ती भूक तिला लागली. तोंडाला पाणी सुटलं. सगळे जेवत होते. आई जेवत होती.

चमचा डावीकडे होता. तिनं तो उजव्या हातानं उचलला.